बरण्या पाच वाजता रेडिओवर

गाणं! मला सांगा, तिथं गाणं लागायचं काही कारण होतं का? शनिवारची दुपार, जेवणं उरकलेली, सप्टेंबर म्हणजे वर्षभराच्या चटणीचे दिवस, म्हणून अख्ख्या इमारतीत भाजलेल्या ढोबळ्या मिरच्यांचा वास, आई ओट्याशी बसून त्या मिरच्यांची सालं काढतेय, आणि तिला नेमकी तेव्हाच हुक्की आली गाणी ऐकायची. हात पुसले, टेबलावर पडलेली कॅसेट उचलली, घातली टेपरेकॉर्डरमध्ये. आधी चींईईई... कर्रर्रर्र... म्हणजे माझा कॉम्प्युटरवरचा गेम, कॅसेटवर साठवला की तो असाच वाजतो. ते ठीक, आमच्या घरात आता त्या आवाजाला कुणी दचकत नाही, मी सोडून. पण ती किरकिर संपली आणि पुढच्या क्षणी कुणी बाई गळा काढून गायला लागली की तो मला नदीकाठी सोडून गेला हो, घोड्यावर बसून गेला...

माझ्या हातातला कप खाली.

आई म्हणाली, "दानित्सा, माझ्या गाण्यांच्या पोटात हे काय घातलंस गं? मांजर?"

मी त्या टेपरेकॉर्डरकडे बघत उभी, कारण ते गाणं आमच्या घरात वाजायलाच नको होतं. ते गाणं त्या वेळी रेडिओ स्टेशनवर असायला हवं होतं. नीट सांगते, मी घाबरले की उलटीकडून सुरुवात करते, आमचे प्रोफेसरही हेच म्हणतात.

तर कॅसेटी दोन. दोन्हींवर माझा गेम. एक कोरी करकरीत, आणि दुसरी आईच्या लोकगीतांची, कारण दुसरी कोरी मिळेना, मग मी तिच्या गाण्यांवरच टेप केलं, सुरुवातीचीच तर दोन गाणी गेली, तीही रडकी! कोरीवर होता पहिला गेम, तो फक्त माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींसाठी. आणि आईच्या कॅसेटवर होता दुसरा, सुधारलेला, सोवळा, चारचौघांत दाखवावा असा, तो रेडिओसाठी. आणि दोन्ही कॅसेटींवर मी काय लिहून ठेवलं होतं? 'बरण्या'. दोन्हींवर! इलेक्ट्रॉनिक्सच्या चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी मी, आणि मला एकीवर साधी फुली मारायचं सुचू नये?

म्हणजे गाणं इथं, तर सोवळा गेम इथं. मग मी गुरुवारी रेडिओवरच्या रातोमिरच्या हातात स्वतःच्या हातानं जी कॅसेट दिली, हसून दिली, वर "काळजीपूर्वक ठेवा हं" म्हणून दिली, ती कुठली?

आता तुम्ही म्हणाल, दिली तर दिली, गेमच आहे ना. तर तुम्हाला गेम सांगायला हवा.

अगदी साधा आहे हो. कोठीची खोली, फळ्या, फळ्यांवर बरण्या. लाल बरणी आयवारची, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची, हिरवी काकडीच्या लोणच्याची, जांभळी आलुबुखाराच्या जॅमची. तुम्ही बरण्या सरकवायच्या आणि एका फळीवर एकाच रंगाच्या आणायच्या. झालं. एवढंच. पण एवढंच करायला मला अख्खा उन्हाळा लागला, कारण त्या रबरी बटणांच्या कॉम्प्युटरची मेमरी ती केवढी, आमच्या कोठीच्या खोलीहून लहान! एक फळी वाढवली की बरणीचं झाकण उडवावं लागे. रंगांचं तर बोलूच नका. पडद्यावरच्या एका चौकोनात फक्त दोन रंग, तिसरा आला की शेजारच्याला घेऊन बुडाला! लाल बरणी हिरवीजवळ नेली की काकडीचं लोणचं लाजल्यासारखं लालबुंद. मी चौकटीच्या कागदावर ठिपके काढतेय, पुसतेय, आई मागून ओरडतेय, "टीव्ही सोड गं, माझी मालिका सुरू झाली," कारण कॉम्प्युटरला पडदा म्हणजे आमचाच टीव्ही. त्यात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, गेली की लिहिलेलं सगळं साफ, म्हणून दर थोड्या वेळानं कॅसेटवर उतरवून ठेवायचं, आणि उतरवताना घरात कुणी शिंकायचं नाही.

तर जूनमधली गोष्ट. सगळ्या बरण्या पहिल्यांदा नीट सरकायला लागल्या होत्या. मी खुशीत, कॅसेट हातात, आता उतरवून ठेवणार, एवढ्यात दाराची बेल. टिर्रर्रर्र! मी दचकले. मी कायमच दचकते, पण त्या दिवशी दचकताना कोपर वायरला लागलं, वायर सुटली, आणि पडदा काळा. सगळं गेलं. फळ्या गेल्या, बरण्या गेल्या, जून महिना गेला. आणि दारात कोण? पेर्सिदामावशी, शेजारच्या. अंगात फुलाफुलांचा गाऊन, केसांना रोलर, हातात रिकामी बरणी. "दानित्सा, आईला सांग, आयवार उरलाय का मागच्या वर्षीचा? चव बघते फक्त."

चव बघते फक्त! या बाईनं चव बघता बघता आमच्या किती बरण्या संपवल्या असतील!

मी त्या रागात गेम पुन्हा लिहिला, आणि त्या रागात त्यात मावशींना घातलं. म्हणजे तुमची फळी जुळत आली, शेवटची बरणी सरकवायची बाकी, की टिर्रर्रर्र, बेल वाजते आणि उजवीकडून मावशी येतात, गाऊन, रोलर, सगळं, ठिपक्याठिपक्यांनी मी इतकं हुबेहूब काढलं होतं की माझं मलाच कौतुक वाटलं, आणि त्या तुमची बरणी उचलून चालायला लागतात. लाल बरणी उचलली की गाऊनही लाल होतो, ती रंगांची चूक, पण मैत्रिणी म्हणाल्या राहू दे, फारच छान दिसतंय. आणि तुम्ही हरलात की पडद्यावर मोठ्या अक्षरांत: 'पेर्सिदामावशी आल्या. चव बघितली. बरणी गेली!'

वसतिगृहात मुली गादीवर लोळून हसल्या. रेडिओसाठी मात्र मी मावशींना काढून उंदीर घातला होता. मी काही अगदीच वेडी नाही.

आणि आता कुठला गेम जाणार होता? शनिवारी पाचचा कार्यक्रम, घराघरांत ज्यांच्याकडे असे कॉम्प्युटर आहेत ते सगळे रेडिओसमोर टेपरेकॉर्डर मांडून बसलेले, रातोमिर म्हणणार, "बटण दाबा!", आणि कॅसेट हवेत सोडून देणार, चींईई कर्रर्र, ती किरकिर जो तो टेप करणार, मग आपापल्या मशीनवर चढवणार. आमच्याकडे गेम असेच पोचतात, दुकानात काय धूळ मिळते! म्हणजे पाच वाजल्यानंतर पेर्सिदामावशी रोलरसकट सगळ्या देशात.

मी फोनकडे धावले. उचलला... ढिम्म!

हे तर सांगायचंच राहिलं. आमचा फोन जोडफोन आहे. एकच तार, दोन घरं. एका घरानं उचलला की दुसऱ्याचा मेला, खरखर नाही, सूं नाही, काही नाही. आणि आमच्या तारेवरचं दुसरं घर कुणाचं असेल?

बरोबर ओळखलंत.

मी ठेवला. उचलला. ढिम्म! पाण्याचा घोट घेतला, उचलला. ढिम्म! आई म्हणाली, "कुणाला करतेयस?" मी म्हटलं, "रेडिओला." आई म्हणाली, "खाली बूथ आहे की." खाली धावले. लिफ्ट बंद, बंद कधी नसते? नऊ मजले उतरले. बूथ होता. फोनही होता. फक्त कानाला लावायचा तुकडा कुणीतरी घरी नेला होता, वायर तेवढी लोंबत होती. नऊ मजले चढले, धापा टाकत आले, उचलला... ढिम्म! रेडिओ स्टेशन नदीपलीकडे, बस शनिवारची, म्हणजे आली तर आली. घड्याळात साडेचार वाजून गेलेले.

आता माझी खरी भीती सांगू? लोक हसतील याचं नाही हो. लोक हसले तर मी खोलीत जाऊन बसेन, मला सवय आहे. पण तो कॉम्प्युटर मला आणून कुणी दिला? मावशींनीच! देशात तो मिळतच नाही, सीमेपलीकडच्या त्रिएस्तेहून आणायचा, आणि सीमेवर पकडला तर जप्त. मावशी कॉफी आणायला गेल्या होत्या बसनं, मी नुसतं म्हटलं होतं, "मावशी, तिकडं तसलं मशीन मिळतं म्हणे," आणि त्या घेऊन आल्या. उशीत शिवून! आणि त्या उशीवर बसून! सीमेवरच्या पोरानं "आजी, उठा जरा" म्हटलं तर त्याला म्हणाल्या, "उठते रे बाळा, तू हात दे, पण माझ्या कंबरेला काही झालं तर तुझ्या आईला तोंड काय दाखवशील?" तो पोरगा घाबरून दुसऱ्या बाकावर गेला. इथं आल्यावर उशी उसवून मशीन माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "घे. शीक. मोठी हो. गरम लागलं तर माझ्या बसण्यानं आहे." नवरा गेलेला, मूलबाळ नाही, कौतुक करायला आहे कोण, तर मी. आणि मी त्यांना बरणीचोर केलं!

उचलला... ढिम्म!

मग काय, गेले त्यांच्याकडेच. म्हटलं, एवढंच म्हणायचं, मावशी, जरा फोन ठेवता का. चार शब्द. दार उघडलं, मावशींच्या कानाला फोन, खांद्यानं दाबून धरलेला, लांबलचक वायर स्वयंपाकघरापासून दारापर्यंत ताणलेली, त्यात एक खुर्ची अडकून मागोमाग फरफटत आलेली.

"मावशी, जरा फोन..."

"आलीच बघ ती!" मावशी फोनमध्ये ओरडल्या. "नाव काढलं आणि आली! शंभर वर्षं जगेल! ये गं पोरी, आत ये, चपला राहू देत. नाही, तुला नाही म्हणत, स्ताना, तुला कशाला चपला काढायला सांगू, तू आहेस क्रागुयेवाच्ला!"

स्ताना म्हणजे त्यांची दुसऱ्या गावची बहीण. मला बसवलं. समोर मुरांब्याची वाटी, चमचा, ग्लासभर पाणी. आता दुसऱ्याच्या घरी मुरांबा पुढं आल्यावर तो न खाता कामाचं बोलणारी मुलगी आमच्या इमारतीत तरी अजून जन्मायचीय. मी चमचा तोंडात घातला.

"मावशी, मला एक सांगायचंय..."

"थांब, आधी पाणी पी. हो, हो, स्ताना, हाच कार्यक्रम! पाच वाजता! आमच्या दानित्साचा गेम! रेडिओवर! मग काय तर! अगं मशीन मी आणलेलं, माझ्या बुडाखालून! डेयानला सांगितलंस ना?"

डेयान म्हणजे स्तानाबाईंचा मुलगा, दातांचा डॉक्टर. आणि मला तिथंच, मुरांबा तोंडात असतानाच, मावशींच्या बोलण्यावरून कळलं की याच्याकडे कॉम्प्युटर आहे. नुसता आहे काय! टीव्हीला जोडून, टेपरेकॉर्डर मांडून, दवाखाना बंद ठेवून, आजूबाजूची माणसं जमवून तो बसला होता, की मावशींच्या दानित्साचा गेम आला रे आला की चढवायचा आणि सगळ्यांनी मिळून बघायचा.

मावशी म्हणाल्या, "आणि स्ताना, बघून झालं की लगेच फोन कर हं मला. गेममध्ये काय काय आहे, सगळं सांग. मला इथं दिसणार नाही ना."

मला ठसका लागला.

मावशींनी पाठीत गुद्दा घातला. "घाबरलीय पोर. स्ताना, घाबरलीय ती, रंग बघ कसा उडालाय, तुला दिसत नाही, पण उडालाय. ठेवते, मला अजून पुष्कळ जणांना कळवायचंय." आणि फोन आपटला. मी जीव एकवटला, "मावशी, पुष्कळ जणांना नका कळवू, मला एक फोन करायचाय, फार महत्त्वाचा..."

"आत्तापर्यंत काय करतेय मी? दुपारपासून! जेवण झाल्यापासून फोनवरच आहे! खालच्या मिर्यानाला, बाजारातल्या व्लाय्कोला, माझ्या नणंदेला, तिच्याशी मी दोन वर्षं बोलत नव्हते, तिलासुद्धा! म्हटलं भांडण भांडणाच्या जागी, पोरीचं नाव रेडिओवर येतंय!"

ऐकलंत? म्हणजे मी दुपारभर फोन उचलत होते, तो ढिम्म होता, मी मनातल्या मनात मावशींना काय काय म्हणत होते ते इथं सांगता यायचं नाही, आणि तिकडं तारेच्या दुसऱ्या टोकाला मावशी काय करत होत्या, तर माझं कौतुक!

तिथंच सांगून टाकायला हवं होतं, मला कळतं. तोंड उघडलंही. "मावशी, त्या गेममध्ये... तुम्ही..."

मावशींनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मला ठाऊक आहे. मी मशीन आणलं म्हणून तुला आभार मानायचेत. वेडी! घरच्या माणसाचे आभार मानतात का?"

मी उरलेला मुरांबा एका घासात गिळला आणि उठले.

पळत घरी आले. फोन उचलला, आणि काय सांगू, सूं... असा गोड आवाज आला, आयुष्यात पहिल्यांदा मला तो आवाज गोड वाटला. नंबर फिरवला. कार्यक्रमाचा म्हणून रेडिओवर सांगतात तोच नंबर, दुसरा मला माहीत नाही. एंगेज! पुन्हा फिरवला. एंगेज! सगळ्या देशाला आजच रेडिओशी बोलायचं होतं. शेवटचा आकडा फिरवताना बोट सटकलं, भलत्याच ठिकाणी लागला, एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "कोळसा संपलाय," आणि त्यांनी ठेवून दिला. तेवढ्यात आईनं रेडिओ लावला, मोठ्यानं, कारण लेकीचा गेम! आणि भिंतीपलीकडून मावशींचाही लागला, आमच्याहून मोठ्यानं. पाचचे टोले. कार्यक्रमाची धून. रातोमिरचा तो जाड, तुपाळ आवाज, दोन्ही घरांतून एकदम: "नमस्कार कॉम्रेड, टेपरेकॉर्डर तयार ठेवा, आज आपल्याकडे एक अगदी नवा गेम आहे..."

मी पुन्हा नंबर फिरवला. आणि वाजली! घंटा वाजली! लागली एकदाची! उचल रे बाबा, उचल, कुणीही उचला, झाडूवाल्यानं उचलला तरी चालेल. ट्रिंग... ट्रिंग... मग मला जाणवलं की ती घंटा माझ्या कानात तर वाजतेयच, पण आमच्या रेडिओतूनही वाजतेय. आणि मावशींच्याही. ट्रिंग माझ्या कानात, ट्रिंग ओट्यावर, ट्रिंग भिंतीपलीकडे. मी म्हटलं, हे काय आता?

तेवढ्यात रातोमिर रेडिओतून हसला. "बघा, गेम लावायच्या आधीच पहिला फोन! घेऊ या. हॅलो! बोला, तुम्ही थेट कार्यक्रमात आहात, सगळे ऐकतायत."

मी म्हटलं, "हॅलो."

भिंतीपलीकडून मीच मला म्हणाले, "हॅलो."

आणि लगेच मावशी, भिंतीवर हात बडवून, "अगं आमची दानित्सा! बोल गं पोरी! घाबरू नकोस!"

"कॉम्रेड दानित्सा!" रातोमिर इतका खूश झाला म्हणून सांगू. "म्हणजे गेमची कर्तीच आपल्याशी बोलतेय! तुमची कॅसेट माझ्या हातात आहे, मशीनमध्ये घालतोच आहे. गेमबद्दल थोडक्यात सांगा, की लगेच लावतो."

आई मिरच्या सोडून माझ्याकडे बघतेय. मावशी भिंतीला कान लावून. क्रागुयेवाच्ला डेयान, स्तानाबाई, व्लाय्को बाजारात, आणि ती दोन वर्षांच्या अबोल्याची नणंद. चुकीची कॅसेट दिली म्हटलं तर रातोमिर विचारणार, चूक ती काय, आणि खरं सांगितलं तर मावशी ऐकणार. काहीच नाही सांगितलं तर गेम लागणार, आणि मावशींना ते डेयानकडून कळणार. घड्याळाकडे बघितलं. साडेपाचला बातम्या. बातम्यांसाठी रेडिओवर कुणाचंही बोलणं तोडतात, तिथं ना गेमची गय, ना कर्तीची.

म्हणजे फक्त साडेपाचपर्यंत रातोमिरनं ती कॅसेट लावायची नाही. म्हणजे साडेपाचपर्यंत कुणीतरी बोलत राहायचं. कुणी? मी! वर्गात हजेरीला "आले" म्हणतानाही जिचा घसा बसतो, ती मी!

"बोला, बोला," रातोमिर म्हणाला, "अगदी थोडक्यात."

मी खुर्ची ओढली, बसले, रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"थोडक्यात नाही हो सांगता यायचं," मी म्हटलं. "तुम्ही आधी निवांत बसा. सुरुवातीपासून सांगते. माझा जन्म चाचाकचा..."